इंजिनाचा दम कसा मोजावा

सायकलमध्ये हवा भरायचा पंप तुम्ही वापरला असेल. पंपाच्या नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा खाली दाबा. दांडा थोडा खाली जातो आणि अडतो. आत कोंडलेली हवा त्याला मागे लोटते. आपण म्हणतो, पंपाला दम आहे.

पंप जुना झाला की काय होते? दांडा सरळ खाली जातो. अंगठ्याला जोर लागत नाही. चाकात हवा जात नाही. मग घरातले जाणते माणूस पंप उघडते. आतल्या चामड्याच्या वायसरवर चार थेंब तेल सोडते. चामडे ओले होते, फुगते, नळीला चिकटून बसते. पंप पुन्हा चालू लागतो.

पण कधी कधी तेल सोडले तरी फरक पडत नाही. तेव्हा आपण काय समजतो? चामडे ठीक आहे. हवा दुसरीकडून निसटते आहे. मग आपण नळी पाहतो, तोंड पाहतो.

मंडळी, एवढे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग आजचा अर्धा धडा तुम्हाला आलाच. मोटारसायकलच्या इंजिनाचा दम असाच पारखतात. राहिलेला अर्धा धडा आता शिकू या.

दूधवाले भाऊ आणि दोन शेळ्या

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक भाऊ येतात. त्यांचा दुधाचा धंदा आहे. पहाटे गावातले दूध गोळा करायचे, मोटारसायकलला दोन कॅन बांधायचे आणि बारा किलोमीटरवरच्या डेअरीत पोचवायचे. उशीर झाला तर दूध नासते. नासलेले दूध डेअरी घेत नाही.

एके दिवशी भाऊ म्हणाले, "गुरुजी, उद्या वर्गाला येणं होणार नाही. बाजाराला जायचं आहे. दोन शेळ्या विकायच्या आहेत."

आम्ही विचारले, "का हो भाऊ? अडचण काय आली?"

"गाडीनं दगा दिला. पहाटे वीस-वीस किका माराव्या लागतात. चढावर दम टाकते. मिस्त्री म्हणाले, पिस्टन-रिंग गेली, बोअर करावं लागेल. आठ हजारांची तयारी ठेवा."

आम्ही म्हणालो, "मिस्त्रींनी दाब मोजला का?"

भाऊ म्हणाले, "मोजायचा काय त्यात? किक मारली आणि सांगितलं."

आता मिस्त्री खोटे बोलत होते असे नाही. किक हलकी लागत होती, ही गोष्ट खरी. इंजिनाचा दम कमी झाला होता, हेही खरे. पण दम *कुठून* निसटतो, हे किक मारून कळत नाही. आणि खर्च किती, हे त्यावरच अवलंबून असते. कधी तो आठ हजारांचा असतो, तर कधी चहापाण्याइतका. शेळ्या विकण्याआधी हे कळायला नको का?

आम्ही भाऊंना सांगितले, "बाजार आठवड्यानं पुन्हा भरेल. आधी मोजू या."

इंजिनाच्या पोटात काय चालते

इंजिनात एक गोल नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन वरखाली फिरतो. पंपातला दांडा जसा, तसा हा पिस्टन. पंपात चामड्याचे वायसर असते. पिस्टनला मात्र लोखंडी कड्या असतात. त्या कड्यांना रिंग म्हणतात. रिंग सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकून सरकते. त्यामुळे वरची हवा खाली निसटत नाही.

सिलिंडरच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात. हेडमध्ये दोन झडपा असतात. गॅरेजात त्यांना वॉल म्हणतात. एका झडपेतून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते. दुसरीतून धूर बाहेर जातो. विहिरीतल्या पंपाला फूटवॉल असतो, तो तुम्ही पाहिला आहे. त्याचे काम काय? पाणी वर जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. इंजिनाच्या झडपांचे कामही तसेच. वेळ आली की उघडायचे, वेळ सरली की घट्ट मिटायचे.

इंजिनाची चार कामे आहेत. ती अशी ध्यानात ठेवा: ओढ, दाब, जाळ, धूर.

ओढ म्हणजे पिस्टन खाली जातो आणि पेट्रोलमिश्रित हवा आत ओढतो.
दाब म्हणजे दोन्ही झडपा मिटतात. पिस्टन वर येतो आणि ती हवा दाबतो.
जाळ म्हणजे प्लग ठिणगी टाकतो. दाबलेली हवा भडकते आणि पिस्टनला खाली ढकलते. गाडीला जोर मिळतो तो इथे.
धूर म्हणजे पिस्टन पुन्हा वर येतो आणि धूर सायलेन्सरकडे लोटतो.

अशा चार कामांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली चालवून दाखवले. आज आपल्या दारातली मोटारसायकल त्याच रीतीने चालते.

यातले दुसरे काम फार महत्त्वाचे. साध्या १०० सीसीच्या गाडीत नऊ ओंजळी जागेतली हवा जवळजवळ एका ओंजळीत दाबली जाते. दाबल्याने ती तापते. तापलेली, गच्च दाबलेली हवा ठिणगी लागताच एकदम पेट घेते. हवा नीट दाबलीच गेली नाही तर? ओल्या सरपणासारखे होते. ठिणगी पडते, पण जाळ धरत नाही. किक मारून पाय दुखतात, गाडी चालू होत नाही.

या दाबालाच कॉम्प्रेशन म्हणतात. आपण त्याला दम म्हणू.

दम कुठून निसटतो

दम निसटायच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट रिंग आणि सिलिंडर यांच्या मधली. रिंग झिजली, अडकली किंवा सिलिंडर झिजले, की हवा पिस्टनच्या बाजूने खाली जाते. हे काम खर्चाचे. इंजिन उघडावे लागते.

दुसरी वाट झडपांची. झडप जळाली किंवा नीट मिटली नाही, की हवा तिथून निसटते. झडप जळाली असेल तर हेड उतरवावे लागते. पण टॅपेट फार घट्ट असल्यामुळे ती मिटत नसेल, तर थोडक्यात भागते. टॅपेटची गोष्ट पुढे सांगू.

तिसरी वाट हेडच्या पॅकिंगची. हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. ते फाटले की हवा फटीतून बाहेर जाते.

प्लग सैल असेल तर तिथूनही हवा फुसफुसते. म्हणून आधी प्लग घट्ट आहे का ते पाहावे.

मोजण्याचे साधन

दाब मोजायला एक घड्याळ मिळते. त्याला कॉम्प्रेशन गेज म्हणतात. टायरवाल्याकडे हवा मोजायचे घड्याळ असते, तसेच ते दिसते. त्याची नळी प्लगच्या भोकात बसवतात. प्लगचे आटे सगळ्या गाड्यांचे सारखे नसतात. काहींचे १० मिलीमीटरचे, काहींचे १२ किंवा १४ मिलीमीटरचे असतात. गेज घेताना आपल्या गाडीचा जुना प्लग बरोबर न्यावा. त्याच आट्याचे तोंड मागून घ्यावे. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक गेज घेतले, तर कोणालाच जड जात नाही.

घड्याळावर आकडे इंग्रजी असतात. मोबाइलमुळे ते आपल्याला ओळखीचे झाले आहेत. बहुतेक घड्याळांवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक किलोची, एक पौंडाची. पौंडाच्या ओळीला पी.एस.आय. म्हणतात. काहींवर बार असे लिहिलेले असते. बार म्हणजे जवळजवळ किलोच समजा. एक किलो म्हणजे सुमारे चौदा पौंड.

एक किलो दाब म्हणजे काय? अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक किलोचे वजन ठेवले असे समजा. काटा दहावर गेला, तर तेवढ्याच जागेवर दहा किलोंचा भार. एवढा भार रिंगने आणि झडपांनी अडवून धरायचा असतो.

मोजण्याआधी

पुढील गोष्टी आधी करा.

१. गाडी मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर, डबल स्टँडवर लावा. गिअर न्यूट्रल करा. लहान मुलांना दूर ठेवा.

२. विडी, काडी, चूल, शेगडी जवळ नको. प्लग काढल्यावर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ती चटकन पेट घेते. हा नियम कधीही मोडू नका.

३. इंजिनातले ऑइल पाहा. कमी असेल तर पुरे करा.

४. गाडी चालू होत असेल तर पाच-दहा मिनिटे फिरवून आणा. इंजिन गरम झाले की रिंग आणि सिलिंडर आपापल्या जागी नीट बसतात. मग हात भाजणार नाही इतके निवू द्या. गाडी चालूच होत नसेल तर थंड इंजिनावर मोजा. पण वहीत 'थंड' असे लिहून ठेवा.

५. चावी बंद करा. पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा.

६. प्लगच्या भोवतालची धूळ फुंकून, पुसून काढा. नाहीतर ती धूळ थेट सिलिंडरात पडेल. मग प्लगपान्याने प्लग काढा.

ही रीत किक असलेल्या गाडीची आहे. ज्या गाडीला फक्त बटण आहे, तिची चावी चालू ठेवावी लागते. मग ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करण्याची वेगळी तजवीज करावी लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. पण आकडा मात्र विचारून घ्या.

आता मोजू या

गेजचे तोंड प्लगच्या भोकात हाताने फिरवून घट्ट बसवा. काटा शून्यावर आहे ना, ते पाहा. चोक बंद आहे, म्हणजे ओढलेला नाही, हे पाहा.

आता एकाने एक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा. सोडायचा नाही. दुसऱ्याने जोराने किक मारायची. एक, दोन, तीन... काटा दर किकेला थोडा वर चढेल. पाच-सात किकांनंतर तो थांबेल. तो थांबला की आकडा वाचा आणि लगेच वहीत लिहा. पहिल्या किकेला काटा कुठवर गेला, तेही लिहा. मग गेजचे बटण दाबून काटा शून्यावर आणा आणि पुन्हा एकदा मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर तो खरा.

एक्सिलेटर का पिळायचा? कारण तो मिटलेला असला की हवेची वाटच बंद असते. आत हवाच आली नाही, तर इंजिन दाबणार काय? आमच्याकडून नेमकी हीच चूक झाली. भाऊंच्या गाडीला आम्ही गेज लावले आणि किका मारल्या. काटा तीनवर थांबला. भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकलेले आमचे कार्यकर्ते म्हणाले, "अहो, एक्सिलेटर कोणी धरलाय?" कोणीच धरला नव्हता! पुन्हा मोजले. काटा सहावर गेला. भाऊंनी स्वतः तो आकडा वाचला आणि वहीत लिहिला: ६.

सहा म्हणजे चांगले की वाईट? प्रत्येक गाडीचा चांगला आकडा वेगळा असतो. तो कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेला असतो. मिस्त्रीला विचारले तर तोही सांगतो. साध्या चार कामांच्या लहान गाडीत तो साधारण दहा ते बारा किलो असतो. सातच्या खाली गेला की गाडी चालू व्हायला कुरकुरते. काही गाड्यांत किक हलकी व्हावी म्हणून मुद्दाम दाब सोडण्याची योजना असते. त्यांचा आकडा मुळातच कमी येतो. म्हणून आपल्या गाडीचा खरा आकडा विचारून घेणे बरे.

आकडा फार जास्त आला तर? तेही चांगले नाही. सिलिंडरात काजळी साचली की जागा कमी होते आणि दाब वाढतो.

थोडे तेल, मोठी पारख

आता सायकलच्या पंपाची आठवण करा. चामड्यावर तेल सोडले आणि पंप सुधारला, तर दोष चामड्याचा. सुधारला नाही, तर दोष दुसरीकडे. इंजिनाचेही असेच.

गेज काढा. प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल आत सोडा. किती? लहान गाडीत एक मिलीलिटर, फार तर दोन. औषधाची बिनसुईची पिचकारी असते, तिने बरोबर मोजता येते. चमचाभर ओतू नका. का ते सांगतो. १०० सीसीच्या गाडीत पिस्टन वर आला की माथ्याशी फक्त बारा मिलीलिटरच्या आसपास जागा उरते. तिथे चमचाभर, म्हणजे पाच मिलीलिटर तेल ओतले, तर जवळजवळ अर्धी जागा तेलानेच भरेल. मग रिंग झिजलेली नसली तरी काटा वर चढेल आणि आपण फसू.

तेल सोडल्यावर भोकावर फडके धरून हळूच दोन-तीन किका मारा. म्हणजे तेल सगळीकडे पसरेल. भोकासमोर तोंड नेऊ नका. मग गेज बसवून पहिल्यासारखेच मोजा. एक्सिलेटर पूर्ण पिळलेला हवा. दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहा.

आता दोन आकडे समोर ठेवा.

दुसरा आकडा खूप वाढला, तर तेलाने फट बुजवली. दोष रिंगचा किंवा सिलिंडरचा.

दुसरा आकडा जवळजवळ तेवढाच राहिला, तर दोष झडपांचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. तेल तिथवर पोचत नाही.

थोडा वाढला, पण चांगल्या आकड्यापर्यंत गेला नाही, तर दोष दोन्हीकडे असू शकतो.

पहिल्या मोजणीतही एक खूण मिळते. पहिल्या किकेला काटा खाली असतो, पण दर किकेला हळूहळू चढत जातो, तर संशय रिंगचा. पहिल्या किकेला खाली आणि पुढेही तिथेच अडून राहतो, तर संशय झडपेचा किंवा पॅकिंगचा.

काम झाले की प्लग परत बसवा. आधी तो हातानेच फिरवा. हाताने सहज जातो आहे ना, हे पाहून मगच पान्याने थोडे आवळा. हेड ॲल्युमिनियमचे असते. प्लग तिरका घुसवला तर हेडचे आटे जातात आणि नसता खर्च वाढतो. तेल टाकले होते म्हणून गाडी सुरू करताच थोडा धूर येईल. तो लगेच जाईल. घाबरू नका.

भाऊंच्या गाडीचे काय झाले

भाऊंचा पहिला आकडा ६. तेल टाकून मोजले. भाऊ काट्यावर डोळे लावून बसले होते. त्यांनी वाचले, "साडेसहा."

फक्त अर्ध्याचा फरक! म्हणजे रिंग शाबूत होती. दम झडपेतून किंवा पॅकिंगमधून निसटत होता.

झडपांपैकी सगळ्यात सोपी तपासणी टॅपेटची. म्हणून आधी ती करायची. झडपेला वरून एक दांडी दाबते. झडप मिटलेली असताना या दांडीत आणि झडपेत बारीक फट राहिली पाहिजे. वहीच्या एका पानाएवढी, किंवा त्याहूनही कमी. इंजिन तापले की लोखंड वाढते. फट ठेवलेली नसेल तर दांडी झडपेला दाबून धरते आणि झडप पुरती मिटत नाही. दार थोडे उघडे राहिले तर घरात वारा येतो ना, तसे. ही फट इंजिन पूर्ण थंड असताना, पातळ पत्तीच्या मापाने पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गाडी घेऊन त्याच मिस्त्रींकडे गेले. वहीतले दोन आकडे दाखवले. मिस्त्रींनी ते नीट पाहिले. म्हणाले, "असं असेल तर रिंग नाही. टॅपेट बघतो." धूर जाण्याच्या झडपेला फट नावालाही नव्हती.

ती गेली कशी? तेव्हा भाऊंना आठवले. दसऱ्याच्या सुमारास इंजिन कटकट वाजत होते. भाऊच मिस्त्रींना म्हणाले होते, "हा आवाज अजिबात बंद करा." मिस्त्रींनी टॅपेट आवळून आवाज बंद केला होता. शिवाय गाडी चालता चालता झडप आपल्या जागी थोडी रुतते आणि फट आणखी कमी होते. आवाज गेला, पण दमही गेला. मंडळी, टॅपेटचा अगदी बारीक आवाज ही वाईट गोष्ट नाही. अजिबात आवाज न येणे हे कधी कधी जास्त धोक्याचे असते. आणखी दोन-चार महिने गाडी तशीच चालली असती, तर झडप जळाली असती. मग मात्र खर्च टळला नसता.

मिस्त्रींनी मापाने फट ठेवली. गाडी फिरवून गरम केली. पुन्हा मोजले. काटा अकरावर गेला. शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

दुसऱ्या गाडीची गोष्ट

पण दर वेळी असे सुखाचे निघत नाही. तेही सांगितले पाहिजे.

भाऊंचे पाहून गावातल्या एका शेतकऱ्याने आपली गाडी आणली. तिचा पहिला आकडाही ६ आला. भाऊ म्हणाले, "माझ्यासारखंच आहे. टॅपेट बघून टाका." पण तेल टाकून मोजले, तर काटा दहावर गेला. पहिला आकडा सारखाच, पण रोग वेगळा. इथे रिंग आणि सिलिंडर झिजले होते. गाडी निळसर धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती. तीही त्याचीच खूण.

कारण शोधले. मातीच्या रस्त्यावर गाडी रोज चालत होती. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एअर फिल्टर काढून टाकला होता. म्हणे गाडी जोरात पळते. फिल्टर म्हणजे इंजिनाच्या नाकावरचे फडके. ते काढल्यावर रस्त्याची धूळ थेट आत गेली. ऑइलमध्ये मिसळून तिने जात्यासारखे काम केले. रिंग आणि सिलिंडर दळून निघाले.

त्या शेतकऱ्याला इंजिनाचे काम करावेच लागले. खर्च टळला नाही. पण खर्च कशासाठी होतो आहे, हे त्याला आधी कळले. काम झाल्यावर त्याने पुन्हा मोजायला सांगितले आणि नवा आकडा लिहून घेतला. पैसे मोजून दिले, तसे कामही मोजून घेतले.

गेज जवळ नसेल तर

चावी बंद ठेवा. किक पायाने न मारता हाताने हळूहळू खाली दाबा. एका जागी ती अडते. तिथे तसाच जोर धरून ठेवा. दम चांगला असेल तर किक काही वेळ अडून राहते. दम नसेल तर ती लगेच खाली घसरते, किंवा कुठे अडतच नाही. दबलेला फुसफुस आवाज येतो का, ते ऐका. सायलेन्सरकडे आला तर धुराची झडप. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर हवेची झडप. इंजिनाच्या पोटात आला तर रिंग.

हा केवळ अंदाज झाला. ताप आहे की नाही, हे कपाळाला हात लावून कळते. किती आहे, ते तापमापकानेच कळते. म्हणून मोठा खर्च सांगितला, तर गेजनेच मोजून घ्यावे.

ध्यानात ठेवा

गाडी चालू होत नाही म्हणजे दमच गेला असे नाही. आधी पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि एअर फिल्टर पाहा. मग दम मोजा.

इंजिन गरम हवे. एक्सिलेटर पूर्ण पिळलेला हवा. जवळ आग नको.

एकदा कोरडे मोजा, एकदा थोडे तेल टाकून मोजा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. गाडी चांगली असतानाच एकदा मोजून ठेवले, तर फार उत्तम. पुढे तो आकडा साक्षीला उपयोगी पडतो.

ऑइल वेळेवर बदला. एअर फिल्टर साफ ठेवा, काढून टाकू नका. टॅपेट मापानेच ठेवा.

मिस्त्रीशी भांडू नका. आकडा दाखवा आणि आकडा विचारा. चांगल्या मिस्त्रीला आकड्याचा राग येत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊंना घड्याळावरचा आकडा वाचता येत नव्हता. आज त्यांच्या वहीत तीन आकडे आहेत: ६, साडेसहा, ११. त्या आकड्यांनी दोन शेळ्या वाचवल्या. तुमच्याही वहीत एक पान गाडीसाठी ठेवा.

प्रश्न

१. इंजिनाची चार कामे कोणती? ती क्रमाने लिहा.
२. दाब मोजताना एक्सिलेटर पूर्ण का पिळायचा?
३. लहान इंजिनात चमचाभर तेल का ओतू नये?
४. एका गाडीचा पहिला आकडा ५ आला. तेल टाकल्यावर ९ आला. दोष कुठे असेल?
५. दुसऱ्या गाडीचा पहिला आकडा ७ आला. तेल टाकल्यावरही ७ च राहिला. आधी काय तपासाल?
६. तुमच्या गाडीचा चांगला आकडा किती? विचारून वहीत लिहा.